व्हाइट सॉस पास्ता आणि घरातल्या जेवणाच्या वेळा

उकडलेला पास्ता, परतलेल्या भाज्या आणि लोणी, मैदा व दूध यांचा दाटसर सॉस एकत्र केला की व्हाइट सॉस पास्ता होतो. कॅफेत किंवा लग्नातल्या ‘लाइव्ह काउंटर’वर तो मागणीनुसार, एका वेळी एक-दोन बश्या असा तयार होतो आणि लगेच खाल्ला जातो. घरी तो चार-पाच जणांसाठी एकदम करायचा असतो, आणि घरातले सगळे एका वेळी जेवायला बसत नाहीत. आजी-आजोबांचे पान साडेसातला, मुलांचे आठला, कामावरून येणाऱ्यांचे नऊच्या सुमारास. घरचा पास्ता बिघडण्याचे बहुतेक प्रकार या फरकातून येतात. कृती सहसा बरोबर असते, पण पदार्थाला थांबायची सवय नसते.

हा पदार्थ कोणत्याही एका देशाचा नाही. रोममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेडो दी लेलिओ यांनी लोकप्रिय केलेल्या फेतुचिनीत लोणी आणि परमेसान चीज एवढेच होते. क्रीमची भर अमेरिकेत पडली. भाज्या व क्रीम घातलेला ‘पास्ता प्रिमावेरा’ 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ‘ल सर्क’ या रेस्तराँमुळे गाजला. मैद्यावर दाट केलेल्या दुधाचा बेशामेल सॉस फ्रेंच स्वयंपाकातला. आपल्याकडे या सगळ्यांचे मिश्रण आले, तेव्हा तो ‘अस्सल इटालियन’ झाला की नाही, हा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

पाकीट घेताना पुढच्या बाजूच्या चित्रापेक्षा मागचा घटकांचा मजकूर महत्त्वाचा. तिथे ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे असावे. ड्युरम हा कठीण दाण्याचा, भरपूर प्रथिनांचा गहू. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो तो याच जातीचा. त्याच्या प्रथिनांची जाळी स्टार्चला धरून ठेवते, म्हणून पास्ता उकळत्या पाण्यातही आकार सोडत नाही. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरमचाच असावा असा कायदा 1967 पासून आहे. साध्या गव्हाच्या रव्याचा किंवा मैद्याचा पास्ता स्वस्त पडतो, पण सॉसमध्ये पाच मिनिटे राहिला की कडेने विरघळू लागतो. उशिरा जेवणाऱ्यांसाठी ठेवायचा असेल, तर ही बचत अंगाशी येते. पेने किंवा फुसिली हे आकार घरासाठी सोयीचे: सॉस धरतात, चमच्याने खाता येतात, आणि लांब स्पगेटीसारखे एकमेकांत गुंतत नाहीत.

मोठ्या माणसाला 80 ते 100 ग्रॅम कोरडा पास्ता आणि लहान मुलाला 50 ग्रॅम पुरतो. दोन मोठी आणि दोन लहान माणसे असलेल्या घरात 300 ग्रॅम भरपूर होतो, कारण शिजल्यावर वजन दुपटीच्या पुढे जाते. अर्धा किलोचे पाकीट फोडले की सगळेच पातेल्यात ओतायचा मोह होतो. तो टाळावा.

उकडण्यासाठी 100 ग्रॅमला एक लिटर पाणी आणि लिटरमागे सुमारे दीड चहाचा चमचा मीठ घ्यावे. मीठ जास्त वाटते, पण त्यातले बहुतेक पाण्याबरोबर जाते. पास्त्याच्या आत चव जाण्याची वेळ मात्र हीच. नंतर सॉस कितीही खारट केला तरी आतला पास्ता अळणीच राहतो. पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता घालावा आणि पहिली दोन मिनिटे ढवळत राहावे. चिकटतो तो याच दोन मिनिटांत. पाण्यात तेल घालण्याची पद्धत घरोघरी आहे. ते तेल पाण्यावर तरंगत राहते, चिकटणे थांबवत नाही, आणि गाळताना पास्त्याला लागून सॉस निसटवते. गाळल्यावर नळाखाली धुण्याची पद्धतही तशीच. धुतल्यावर पृष्ठभागावरचे स्टार्च जाते, आणि सॉसला धरायला काही उरत नाही. सॅलड करायचे असेल तर धुवावा, एरवी नको.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक पेने काढून दातांनी तोडावा. त्याच्या जाडीच्या मधोमध बारीक पांढरा ठिपका दिसतो. भातात जिला आपण कणी म्हणतो, तीच ही. पास्ता पुढे सॉसमध्येही शिजतो, म्हणून तो या कणीवरच उतरवायचा असतो. ठिपका पूर्ण गेल्यावर गाळलेला पास्ता ताटात येईपर्यंत मऊ होतो आणि नऊ वाजेपर्यंत त्याचा लगदा होतो. गाळण्यापूर्वी दोन वाट्या पाणी काढून ठेवावे. हे गढूळ, स्टार्चमिश्रित पाणी पुढे सॉस सैल करायला लागते, आणि नेमके तेच सवयीने मोरीत जाते.

भाज्यांमध्ये एकच खरी अडचण आहे, ती पाण्याची. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, सिमला मिरची आणि झुकिनीतही तेवढेच. या भाज्या मंद आचेवर, आधीच मीठ घालून, झाकण ठेवून शिजवल्या तर त्या स्वतःच्या पाण्यात उकडतात, आणि ते पाणी नंतर सॉसमध्ये सुटून त्याचे दुधाळ पाणी करते. मोठी कढई, मोठी आच, थोड्या-थोड्या भाज्या आणि शेवटी मीठ, एवढे पुरेसे आहे. मशरूम आधी एकटे परतावे. प्रथम पाणी सुटते, मग आटते, आणि त्यानंतर तेलात चरचर आवाज येऊन कडा तांबूस होऊ लागतात. त्या आवाजाआधी ते उतरवू नयेत. गाजर, फरसबी आणि ब्रोकोली पास्त्याच्याच उकळत्या पाण्यात शेवटची तीन-चार मिनिटे टाकता येतात. एक भांडे वाचते. मटार आणि मक्याचे दाणे गोड असतात, आणि दुधाचा सॉसही किंचित गोडसर, तेव्हा दोन्ही मिळून एका वाटीपेक्षा जास्त नसावेत. कांदा-लसूण भरपूर चालतो.

सॉस हा या जेवणाचा नाजूक भाग. 300 ग्रॅम पास्त्याला पाऊण लिटर दूध, तीन मोठे चमचे लोणी आणि तीन मोठे चमचे मैदा घ्यावा. छापील कृतींत दिसणाऱ्या प्रमाणापेक्षा हा मैदा कमी आहे, आणि तो मुद्दाम कमी आहे. दूध 6 टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम असेल तर वेगळे क्रीम लागत नाही. 3 टक्क्यांच्या टोन्ड दुधाचा सॉसही चांगला होतो, फक्त चव थोडी पातळ लागते.

लोणी मंद आचेवर वितळवून त्यात मैदा घालावा आणि दोन मिनिटे परतावा. कच्चट वास जाऊन भाजल्या बिस्किटासारखा वास येऊ लागला की झाले. रंग बदलू द्यायचा नाही. लोण्याचे काम केवळ चवीचे नसते. मैद्याचा प्रत्येक कण स्निग्ध थराने वेगळा होतो, म्हणून दूध लागल्यावर कण एकमेकांना चिकटत नाहीत. कोरडा मैदा गरम दुधात पडला तर बाहेरचे स्टार्च क्षणात फुगून चिकट कवच होते आणि आत कोरडे पीठ अडकते. गुठळी म्हणजे हेच. पिठल्यात बेसन आधी पाण्यात कालवून घेतात, त्यामागचे शास्त्रही वेगळे नाही.

दूध गरम असावे की गार, याबद्दल प्रत्येक घराचा आपापला नियम असतो. दोन्हीने सॉस जमतो. फरक पडतो तो पहिल्या अर्ध्या वाटीने: ती घालून, आच बारीक करून, रवीने किंवा व्हिस्कने पेस्ट गुळगुळीत होईपर्यंत घोटावी, मगच पुढचे दूध ओतावे. तरीही गुठळ्या राहिल्या तर सॉस सरळ गाळणीतून काढावा. त्यात काही कमीपणा नाही.

गव्हाचे स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगू लागते, पण सॉसला पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ येतो. त्यामुळे उकळी येण्याआधी ‘पातळच दिसतोय’ म्हणून वरून मैदा भुरभुरणे हा हमखास फसवणारा उपाय. उकळी आल्यावर बारीक आचेवर दोन-तीन मिनिटे ढवळावे आणि मग पळीची मागची बाजू पाहावी. पळीवर सॉसचा थर बसतो. त्यात बोटाने रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकून हळूच भरून आली, तर सॉस पळीवाढा आहे. रेघ तशीच उघडी राहिली तर तो आताच खायला योग्य आहे, म्हणजेच पंधरा मिनिटांनी घट्ट होणार आहे. सॉस गार होताना दाटतो, चीज पडल्यावर आणखी दाटतो, आणि पास्ता त्यातले पाणी पीतच राहतो. अनुभवाने हाताला कळलेली गोष्ट अशी की, गॅसवर जरा पातळ वाटणारा सॉस पानात बरोबर असतो.

चीज गॅस बंद करून घालावे. प्रोसेस्ड चीजच्या दोन क्यूब किसून घातल्या तर तेल न सुटता विरघळतात, कारण त्यात त्यासाठीचे क्षार असतात; चेडर किंवा परमेसान उकळत्या सॉसमध्ये पडले की तार धरते किंवा चोथा होते. शाकाहारी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या जठरातले रेनेट वापरणे नियमानेच बंधनकारक आहे. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच परमेसान घ्यावे. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून. चीजमध्ये आणि पास्त्यात ते आधीच आहे. ताजी मिरपूड आणि चिमूटभर जायफळ एवढ्यावर सॉस पूर्ण होतो. ओरेगानोच्या पुड्या रिकाम्या केल्या की दुधाची चव मरते.

टोमॅटो घालून गुलाबी सॉस करायचा तर टोमॅटोचा रस आधी वेगळा आटवावा आणि तयार सॉसमध्ये थोडा-थोडा मिसळावा. मैद्याच्या स्टार्चमुळे दूध सहजी फाटत नाही, पण कच्चा आंबट रस उकळत्या सॉसमध्ये ओतला तर ती खात्री राहत नाही. डब्यातले 25 टक्क्यांचे फ्रेश क्रीमही आंबटाबरोबर उकळले की फुटते, म्हणून ते गॅस बंद केल्यावरच.

आता जेवणाच्या वेळा. सगळे एकत्र बसणार असतील तर पास्ता, भाज्या आणि सॉस मोठ्या कढईत एकत्र करून, काढून ठेवलेले पाणी घालत मिनिटभर हलवावे आणि लगेच वाढावे. दोन किंवा तीन पंगती असतील तर तिन्ही गोष्टी वेगळ्याच ठेवाव्यात. उशिराच्या पंगतीचा पास्ता गाळून, चमचाभर तेल चोळून, परातीत पसरावा. तेल इथे चालते, कारण हा पास्ता पुन्हा सॉसमध्ये गरम होणार असतो आणि तोवर गोळा होऊ नये एवढेच पाहायचे असते. सॉसवर साय धरू नये म्हणून वर दोन चमचे दूध ओतून झाकण ठेवावे. पान वाढायच्या वेळी छोट्या कढईत दोन पळ्या सॉस आणि अर्धी वाटी राखून ठेवलेले पाणी गरम करून त्यात एकेकाचा पास्ता व भाज्या दोन मिनिटे हलवल्या की तो ताज्यासारखा होतो. आजी-आजोबांना दाताखाली कणी नको असते. त्यांच्या वाट्याचा पास्ता सॉसमध्येच तीन-चार मिनिटे जास्त ठेवावा, बाकीच्यांचा तेवढा शिजवू नये. दूध न सोसणाऱ्यासाठी त्याच उकडलेल्या पास्त्यात लसूण, तेल, भाज्या आणि थोडे राखलेले पाणी घातले की वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

ही सवड सुमारे दोन तासांचीच आहे. शिजलेला पास्ता, भात आणि बटाटा यांत बॅसिलस सेरिअस हा जिवाणू खोलीच्या तापमानात वाढतो. त्याचे बीजाणू उकडण्यातून तगतात, आणि त्याचे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नाश पावत नाही. 2008 मध्ये बेल्जियममध्ये एका 20 वर्षांच्या विद्यार्थ्याचा पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेली स्पगेटी खाऊन मृत्यू झाला. ती त्याने मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतली होती. असे टोकाला जाणे विरळाच. उलट्या-जुलाब मात्र विरळ नाहीत, आणि महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या रात्री तर ओटा जिवाणूंना फारच मानवतो. उरलेला पास्ता पसरट डब्यात काढून, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये ठेवावा, दोन दिवसांत संपवावा, आणि गरम करताना त्यात थोडे दूध घालून पूर्ण वाफ येईपर्यंत तापवावा. रात्रभर ओट्यावर राहिलेला पास्ता वासाला चांगला वाटला तरी सकाळी मुलांच्या डब्यात देऊ नये. तो टाकून द्यावा.