बालकाची इजा आणि पालकांस कळविण्याचे कर्तव्य



मुले खेळणार आणि खेळताना पडणारही. पडलेल्या मुलास उचलणे, त्याची जखम धुणे, त्याचे रडे थांबविणे ही कामे आपण सारेच करतो व बहुधा चांगली करतो. परंतु त्यानंतरचे एक काम पुष्कळदा राहून जाते. ते म्हणजे झालेली इजा त्याच दिवशी पालकांच्या कानी घालणे. प्रस्तुत लेखात या कर्तव्याचा विचार करावयाचा आहे.

१. कर्तव्याचे मूळ

अनेक गावी अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारातच भरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा एकच पायाभूत स्तर मानला आहे. यास्तव अंगणवाडीतील बालकाची काळजी एकट्या सेविकाताईंवर सोपवून आपणांस मोकळे होता येणार नाही.

अंगणवाडी या शब्दाचा इतिहास येथे आठवणे उपयुक्त होईल. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडला गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या पाड्यावरील अंगणात नेली. अंगणात भरणाऱ्या त्या वाडीतील मूल आईच्या दृष्टीआड नव्हते. ते पडले तर तिला दिसत असे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पसरली. आता ती बहुधा खोलीत भरते व आई त्या वेळी शेतावर वा मजुरीवर असते. जे पूर्वी तिला डोळ्यांनी दिसत होते, ते आता आपण सांगितल्यावाचून तिला कळणार नाही. या कर्तव्याचे मूळ इतके साधे आहे.

शिवाय सहावी-सातवीतील मुलगा घरी जाऊन काय झाले ते सांगू शकतो. तीन-चार वर्षांचे बालक ते सांगू शकत नाही. सांगितले तरी वेळ, जागा व कारण यांचा मेळ त्याच्या बोलण्यात नसतो. म्हणून मूल जितके लहान, तितके आपले सांगण्याचे उत्तरदायित्व मोठे.

२. आपण का सांगत नाही?

याची कारणे तीन दिसतात. पहिले, ‘एवढ्याशा लागण्याचे काय सांगावयाचे’ ही समजूत. दुसरे, पालक रागावतील, गावात चर्चा होईल, वरिष्ठांपर्यंत तक्रार जाईल ही भीती. तिसरे, सांगणार कोण याविषयीची अनिश्चिती. सेविकाताईंना वाटते गुरुजी सांगतील, गुरुजींना वाटते ताईंनी सांगितले असेल, आणि मूल शेवटी कोणीच काही न सांगता घरी जाते.

यांपैकी भीतीचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु न सांगण्याने भीतीचे निवारण होत नाही. संध्याकाळी अंघोळ घालताना आईला टेंगूळ दिसतेच. तोवर तिला कोणी काही बोललेले नसेल, तर ‘लागले कसे’ या प्रश्नापूर्वी ‘लपविले का’ हा प्रश्न तिच्या मनात उभा राहतो. पहिल्याचे उत्तर देता येते, दुसऱ्याचे देणे फार कठीण.

३. कळविणे हा उपचाराचाच भाग

शाळेत मूल काही तास असते, उरलेला दिवस व रात्र ते घरी असते. पुष्कळ इजांचा खरा परिणाम त्या उरलेल्या वेळातच प्रकट होतो. पुढील दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

(अ) डोक्यास लागलेला मार. बालक ओट्यावरून पडते, थोडे रडते, पुन्हा खेळू लागते. बाहेर खोक नाही, रक्त नाही. तरीही डोक्याच्या आत रक्तस्राव होत असल्यास त्याची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात. वारंवार ओकारी, नेहमीहून वेगळी गुंगी किंवा जागे करूनही नीट जागे न होणे, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, चालताना तोल जाणे, बोलणे अडखळणे, कानातून वा नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास मुलास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. पहिले चोवीस तास विशेष लक्ष ठेवण्याचे असतात. आता ज्या आईला मार लागल्याचे ठाऊकच नाही, ती मुलाच्या ओकारीचा दोष जेवणास देईल व गुंगीला थकवा समजून त्यास झोपू देईल. येथे आपले एक वाक्य औषधाइतकेच मोलाचे ठरते.

(आ) कुत्र्याचा चावा किंवा ओरखडा. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळीच घेतलेली लस मात्र त्यास वाचविते. लसीच्या पुढील मात्रा ठरलेल्या दिवशी देण्याचे काम पालकांनाच करावयाचे असते. तेव्हा त्यांना सर्व काही स्पष्टपणे समजलेच पाहिजे. मूल बोलणी खाण्याच्या भीतीने ओरखडा लपविते, हेही ध्यानात असावे.

४. केव्हा, कोणी व कसे सांगावे?

क्रम असा असावा: प्रथम बालकाचा उपचार, त्याबरोबरच पालकांस निरोप, मग कार्यालयास अहवाल. इजा गंभीर असेल तर पालक येण्याची वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी व एकाने पालकांस दूरध्वनी करावा. डोक्याचा मार, चावा, विंचू वा सर्पदंश, भाजणे, हाड मोडल्याचा संशय, डोळ्याची इजा ही सर्व तत्काळ कळविण्याची होत. गुडघा खरचटणे यासारखी किरकोळ इजा शाळा सुटताना सांगितली तरी चालेल, पण सांगितलीच पाहिजे.

ज्याच्या देखरेखीखाली इजा झाली, त्याने स्वतः सांगावे. मोठ्या भावंडाच्या हाती निरोप देऊ नये. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच घालू नये. एका घरची गोष्ट ती साऱ्या गावची करू नये. आई-बाप ऊसतोडणीस गेले असतील व मूल आजीजवळ असेल, तर आजीस समक्ष सांगावे आणि आई-बापांस दूरध्वनीनेही कळवावे. घरची बोली निराळी असल्यास ती जाणणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे साहाय्य घ्यावे.

सांगणे थोडके, खरे व उपयोगी असावे. उदाहरणार्थ: “आजी, आज अकराच्या सुमारास तुमचा नातू ओट्यावरून पडला. डोक्यास मागे मार लागला आहे. तेव्हा मी आत पाट्या वाटत होते, पडताना पाहिले नाही, रडणे ऐकून धावले. थंड पाण्याची पट्टी ठेवली. त्यानंतर तो जेवला आहे. रात्री त्यास ओकारी झाली किंवा तो नीट जागा होईना, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि मलाही कळवा.” यात काय झाले, आपण काय पाहिले व काय पाहिले नाही, काय केले आणि पुढे काय पाहावयाचे, हे सर्व आले. ‘काही झाले नाही, घाबरू नका’ असे आश्वासन मात्र देऊ नये. ते देण्याचा अधिकार वैद्याचा आहे.

दुसऱ्या मुलाच्या ढकलण्याने इजा झाली असेल, तर घटना सांगावी, पण त्या मुलास अपराधी ठरवू नये. चार वर्षांच्या बालकाच्या धक्क्यावरून दोन घरांत वैर उभे राहू नये.

५. नोंद

यासाठी एक साधी वही पुरे. दिनांक, वेळ, जागा, घटना, दिसलेली इजा, केलेला उपचार, पालकांस कोणी व केव्हा सांगितले, आणि पालकांची सही वा अंगठा, इतके रकाने असावेत. निरक्षर पालकांस नोंद वाचून दाखवावी. ही सही माहिती मिळाल्याची आहे, तक्रार सोडून दिल्याची नव्हे, हेही त्यांना सांगावे. नोंद त्याच दिवशी लिहावी. मागाहून लिहिलेली नोंद स्मरणाची नसून सोयीची होते. अशी नोंद पुढे वैद्यास उपयोगी पडते. गंभीर अपघातात शासकीय साहाय्य मागताना कुटुंबासही तिचा आधार होतो.

६. दोन नाजूक प्रसंग

पहिला, इजा आपल्याच हातून झाली असेल तर. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. असे घडल्यास मुख्याध्यापकांनी ते पालकांपासून व वरिष्ठांपासून दडवू नये. सहकाऱ्यास वाचविण्यासाठी ‘मूल पडले’ असे सांगणे हा मुलावरील दुसरा आघात होय.

दुसरा, मूल घरूनच इजा घेऊन आले असेल तर. सकाळी हजेरी घेताना अशी इजा दिसल्यास नोंदवावी व पालकांस सरळपणे विचारावे. परंतु घरीच मारहाण वा अत्याचार होत असल्याचा संशय असेल, तर संशयित व्यक्तीस आधी सावध करू नये. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ प्रमाणे पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पालकांस सांगण्याचा नियम बालकाच्या हितासाठी आहे. ते हित जेथे धोक्यात येते, तेथे प्रथम बालकाचे रक्षण करावे.

७. उपसंहार

हे वाचून कोणी खेळ बंद करील, मुलांस जागच्या जागी बसवून ठेवील, तर लेखाचा हेतू विफल होईल. मुलाने धावावे, चढावे, उड्या माराव्यात. आपण लक्ष ठेवावे आणि लागलेच तर सांगावे. खरचटलेल्या गुडघ्याची बातमी ज्या शिक्षकाने आपण होऊन दिली, त्याच्या शब्दावर मोठ्या प्रसंगीही आई विश्वास ठेवते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत व शेजारच्या अंगणवाडीत इजा झाल्यास पालकांस सांगण्याचे काम कोणाचे, हे ठरले आहे काय?
२. प्रत्येक बालकाच्या घरचे दोन चालू दूरध्वनी क्रमांक आपणांजवळ आहेत काय?
३. पोषण आहाराच्या गरम पातेल्याने बालकाचा हात भाजला आहे आणि आई शेतावर आहे. पहिल्या अर्ध्या तासात कोण काय करील, ते क्रमाने लिहा.
४. मागील महिन्यात झालेल्या किती इजा पालकांस त्याच दिवशी कळल्या? वही नसल्यास ती आजच सुरू करावी.