दुसरा रिमोट

नव्वदच्या दशकात सांगली-साताऱ्याकडे वाढलेल्या आपल्या पिढीला 'मारियो' म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये फुंकर मारायची, टीव्हीचं चॅनेल जुळवायचं आणि मोठ्या दादाचा मारियो कधी मरतोय याची वाट बघत बसायचं. तो मेला की आपल्या लुईजीचा, म्हणजे दुसऱ्या गड्याचा नंबर. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, आणि खेळ साठवून ठेवायची सोयच नाही. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून!

हा मिशीवाला गडी १९८१ मध्ये 'डाँकी काँग'मध्ये पिंपांवरून उड्या मारत पहिल्यांदा दिसला. १९८५ मध्ये 'सुपर मारियो ब्रदर्स' आला आणि पुढे त्याच्या नकला घरोघरी पोचल्या. आता तो पुन्हा जोरात आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सिनेमा आला, ऑक्टोबरमध्ये 'सुपर मारियो ब्रदर्स वंडर' हा नवा खेळ. आणि आपण हौसेने तो मुलांपुढे ठेवतो. हौस कुणाची, हे आपल्यालाही माहीत असतं म्हणा.

मग काय होतं? पोरगं खेळायला लागतं आणि आपण शेजारी बसून सुरू करतो, "उडी मार! अरे, आत्ता मार ना! दे इकडे, मी दाखवते." दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मंडई, रात्री गृहपाठ; या सगळ्यात सूचना देत राहायची जिभेला सवयच झालेली असते. खेळातसुद्धा ती सुटत नाही.

खरं तर त्या जुन्या खेळाची पहिली लेव्हल त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी कुणी काही न सांगता समजावी अशीच रचलेली होती. मारियो डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे जायचं तिकडेच. समोरून गुंबा नावाचा तो तपकिरी शत्रू येतो, अंगाला लागला की मारियो मेला. पुढच्या वेळी उडी आपोआप येते. आपल्याला तरी कुणी शिकवलं होतं? आपल्या आईला तर त्यात काय चाललंय हेही कळत नव्हतं, आणि आपलं काही अडलं नाही.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. नव्या खेळात योशी किंवा नॅबिट हा गडी घेतला तर शत्रूचा मार लागत नाही. खड्ड्यात पडलं की मात्र जीव जातो. लहान मुलं बरोबर तोच निवडतात आणि आपण म्हणतो, "ही कसली चीटिंग? खरा मारियो घे." आपल्याला ते गमतीचं वाटतं, पण मुलाचा चेहरा पडतो. शाळेत, क्लासला, मैदानावर रोज कुठे ना कुठे हरून आलेलं असतं ते. घरी तासभर कुणाचा मार लागू नये असं त्याला वाटलं, तर वाटू दे की. हिंमत आली की योशी सोडून ते स्वतःच मारियो मागेल.

मी सुचवेन ते एवढंच, की दुसरा रिमोट हातात घ्या. आता दादा मरायची वाट बघावी लागत नाही, चौघं एकदम खेळू शकतात. तुम्ही मेलात की तुमचं भूत होतं आणि पाच सेकंदांत कुणी शिवलं तर पुन्हा जिवंत होता. "आई, थांब, मी आलो!" असं ओरडत मूल जेव्हा तुम्हाला वाचवायला येतं, तेव्हा त्याचा आवाज ऐका. घरात बाकी सगळ्या वेळी त्याला सांभाळणारे आपणच असतो.

हा नवा खेळ ज्यावर चालतो ते स्विच यंत्र महाग आहे, सगळ्यांकडे असणारही नाही. फोनवर 'सुपर मारियो रन' आहे, त्यात मारियो आपणहून धावतो, आपण फक्त बोट टेकवून उड्या मारायच्या. सुरुवातीच्या लेव्हल फुकट, पुढच्यांचे एकदाच पैसे. मारियोसारख्या दिसणाऱ्या फुकट खेळांपासून मात्र सांभाळून; मधेच जाहिरात येते आणि चिमुकलं बोट नको तिथे पडतं.

आणि जेवायला बोलवायचं असेल तर उडीच्या मधे नको. लेव्हल काही मिनिटांचीच असते. ती सुरू व्हायच्या आधी "ही शेवटची हं" म्हटलं, तर आदळआपट बरीच कमी होते. आपण हात पुढे करून स्क्रीन बंद करतो, तेव्हा त्याला आपल्या वेळच्या लाइट गेल्यासारखंच वाटतं. फक्त इथे राग धरायला समोर आई असते.

कधी "अजून एक" म्हणेल. कधी आपणही म्हणू. तेव्हा पोळ्या कोण लाटणार, हे खेळायला बसायच्या आधीच ठरवून घ्या.