दर सांगताना आवाज पडू देऊ नकोस

अगं, तुझी वही बघितली. ऑर्डरी वाढल्यात, गटातल्या बायकांना काम आहे, गिऱ्हाईक खूश आहे आणि तरी महिनाअखेरीला हातात काही राहत नाही म्हणतेस. कारण वहीतच आहे. डाव्या पानावर कापडाचा भाव दर दोन-चार महिन्यांनी खोडून नवा लिहिलाय. उजव्या पानावर गोधडीचा दर मात्र होता तिथेच आहे. मधले पैसे कुठून आले? तुझ्या शिलाईतून. कापडवाल्याला रोख मोजलेस आणि स्वतःला उधारीवर ठेवलंस.

आपल्या आज्यांना ही पंचाईत नव्हती. नऊवारी विरली की वाकळेत जायची, आजोबांचं धोतर पोटात, पोरांचे फाटके सदरे ठिगळांना. कापड घरचं आणि हातही घरचेच, त्यामुळे दोन्हींचा हिशेब कुणी मांडला नाही. म्हणूनच गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांची, तिला कसले एवढे पैसे, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण आज सुती जुनेर शोधून दाखव बघू. आईच्याच कपाटात सिंथेटिक साड्यांची थप्पी आहे, आपण ड्रेस नाहीतर गाऊनवर. घरातलं जुनेर संपलं आणि आपण गोधडीसाठी नवं कोरं कापड विकत घ्यायला लागलो. आज्यांच्या वाकळेला बाजारभाव लागत नव्हता, तुझ्या गोधडीला लागतो.

आता कागद-पेन घे. पाच बाय सात फुटांची गोधडी, कापड 44 इंच पन्ह्याचं. एका थराला दोन पाट जोडायचे, प्रत्येकी दीड मीटरहून थोडा जास्त. वरचा, खालचा आणि पोटातले दोन असे चार थर धर. आटणं-कापणं मिळून तेरा मीटर. समज, तू ती 1800 ला देतेस. कापड 90 रुपये मीटर होतं तेव्हा 1170 कापडाचे, 80 दोऱ्याचे, तुला उरले 550. आता तेच कापड 110 झालं. कापड 1430, दोरा तोच, तुला उरले 290. हाताने धावदोरा घालायला पन्नास तास लागतात म्हटलं, तर तासाला सहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. मीटरमागे वाढले फक्त वीस रुपये, पण तुझी मजुरी निम्म्यावर आली. हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि तू सांगत नाहीस.

दुकानदार म्हणतो, "ताई, कापूस महागलाय." मान डोलवू नकोस. 2022 च्या मे महिन्यात तो खरं बोलत होता. तेव्हा रुईची खंडी, म्हणजे 356 किलो, एक लाख रुपयांच्या वर गेली होती आणि सरकारला आयात शुल्क मागे घ्यावं लागलं होतं. त्याआधी 2011 मध्येही जगभर असाच भडका उडाला. पाकिस्तानात पूर आलेला, आपण निर्यात आवळलेली. अमेरिकेत हौसेने क्विल्ट शिवणाऱ्या बायकांनाही तेव्हा झळ पोचली. पण 2022 नंतर कापूस उतरला. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7521 रुपये क्विंटल होता आणि विदर्भात कित्येक शेतकऱ्यांनी त्याहून कमी भावात व्यापाऱ्याला घातला. तुझ्या नणंदेलाच विचार, यवतमाळात काय भाव मिळाला ते. तिच्या तीन क्विंटल कापसातून जेमतेम एक क्विंटल रुई निघते, बाकी सरकी.

मग कापड का उतरलं नाही? त्याचाही हिशेब सोपा आहे. आपण वापरतो त्या पातळ सुती कापडाच्या मीटरमध्ये रुई असते सव्वाशे-दीडशे ग्रॅम. खंडी साठ हजारांना धरली तर ती रुई पंचवीस रुपयांच्या आसपास. 110 मधले बाकीचे सगळे जिनिंग, सूतगिरणी, माग, वीज, रंगाई, वाहतूक, दुकानाचं भाडं यांचे. त्यातलं एकही मागे जात नाही. इचलकरंजीत कुठल्याही मागवाल्याला वीजबिलाबद्दल विचारून बघ, तासभर सुटायची नाहीस. तेव्हा कापूस स्वस्त झाला की कापड स्वस्त होईल आणि मग आपलं बसेल, या आशेवर थांबू नकोस. कापड उतरणार नाही असं धरूनच दर लाव.

दर लावताना दोन आकडे वेगळे सांग: कापडाचे इतके, शिलाईचे इतके. एकच गोळा आकडा सांगितलास की गिऱ्हाईक घासाघीस करतं आणि तू शिलाईतून सोडतेस, कारण कापडातून सोडता येत नाही. दोन आकडे असले की तिला घासाघीस कशावर करायची ते ठरवावं लागतं, आणि तुझ्या हातांवर थेट घासाघीस करायला बहुतेकींना लाज वाटते. ज्यांना वाटत नाही त्यांची ऑर्डर सोड. खरंच सोड.

जिला आईची, सासूची जुनी सुती लुगडी देऊन गोधडी करून हवीय, ते गिऱ्हाईक जप. तिथे फक्त शिलाई घ्यायची, चौरस फुटावर. मात्र लुगडं उजेडात धरून बघूनच ऑर्डर घे. विरलेलं असलं तर पोटात नवं मांजरपाट घालावं लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील, हे आधीच बोल. पोटाला रंगीत केंब्रिक घालायची तुझी हौसही आता पुरे. आत कोण बघतंय? मांजरपाट धुऊन, आटवून घाल, ते मऊ पडतं आणि टिकतं.

हळदीकुंकवात ओटीत आलेले ब्लाउजपीस काढ बाहेर. या घरातून त्या घरात फिरणारे ते तुकडे बारशाच्या दुपट्यांना झकास होतात. फक्त आधी एक दोरा ओढून काडी लाव. सूत असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून टणक गोळी होते. गोळी झाली तर तो तुकडा पिशवी शिवायला ठेव, बाळाच्या अंगाखाली नको.

आणि हो, मिसळीचं. तुझ्या गटात कुणीतरी म्हणालंय ना, की पोटात पॉलिस्टर घातलं तर कुणाला कळतंय? पहिल्या धुण्यात कळतं. सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडून ती कुबड काढते. शिवाय अशी गोधडी "सुती" म्हणून विकणं ही फसवणूक आहे, मग ती गरजेपोटी का असेना. मिसळीची करायचीच असेल तर तसं सांगून, कमी दरात कर.

दुकानात माल घालतेस, तिथे आणखी एक खोच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या सुती रजई-गोधडीवर जीएसटी पाच टक्के आणि त्यावर थेट अठरा. त्यामुळे दुकानदार तुझी मोठी गोधडीही काहीही करून पंचवीसशेच्या आत बसवायला बघणार, आणि त्यासाठी दाबणार तुलाच. त्याच्याशी वाद घालू नकोस. दुकानाला लहान मापाच्या आणि दुपटी दे, डबलबेडच्या घरूनच, ओळखीतल्यांना विक. गटाची उलाढाल चाळीस लाखांच्या जवळपासही नाही, तेव्हा गावातल्या गावात घरून विकायला नोंदणी लागत नाही.

पहिल्यांदा नवा दर सांगशील तेव्हा दोघी-तिघी "फारच महाग झालं बाई" म्हणतील. रस्त्यावर मिळणारी मशीनची रजई दाखवतील. दाखवू देत. ती रजई हवी असती तर त्या तुझ्या दारात आल्या नसत्या. गप्प राहा, समजावत बसू नकोस, आणि मुख्य म्हणजे लगेच "बरं, तुमच्यासाठी दोनशे कमी" म्हणू नकोस. तुझी ती सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे.

दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत गटाला बसव, आजच्या कापडभावाने नवे दर ठरव आणि दर तीन महिन्यांनी ते पुन्हा बघायचं सगळ्यांकडून कबूल करून घे. त्या पानाचा फोटो मला रविवारपर्यंत पाठव. शिलाईचा आकडा कमी दिसला तर मी फोन करणार आहे.