बाहुलीपटातील पात्रांची घडण

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या नाचविल्या. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. बाहुलीपटाचे तंत्र हेच. पिंगुळीची कळसूत्री बाहुली दोरीवर पेललेली असते. ही मात्र हात काढल्यावरही त्याच स्थितीत राहिली पाहिजे. पोळ्याच्या मातीच्या बैलाला नुसते उभे राहायचे असते, हिला वाकायचेही असते. म्हणून आत वळणाऱ्या तारेचा सांगाडा हवा.

एका रशियन लोककथेत आजोबा, आजी, नात, कुत्रा आणि मांजर मिळून प्रचंड सलगम उपटू पाहतात. उंदीर हातभार लावतो तेव्हाच ते निघते. उंदीर खऱ्या मापाचा केला तर पडद्यावर हरवेल! त्याचे कान-शेपूट मोठे करावे. आजोबांची पाठ मात्र वाकलेलीच घडवावी. जन्मभर शेतात राबलेली पाठ मी घरी पाहिली आहे.