एका टिचकीचा प्रवास

एखाद्या ग्रंथालयाच्या वेबपृष्ठावर ५०० ग्रंथांची यादी आहे, अशी कल्पना करू. वाचकाने एखाद्या नावावर टिचकी मारताच त्या ग्रंथाची माहिती दिसावी, अशी आपली अपेक्षा आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली निर्माण केलेल्या जावास्क्रिप्ट भाषेत हे कसे साधते, ते या पाठात पाहू.

पहिला उपाय सहज सुचतो : यादीतील प्रत्येक नावाला, म्हणजे प्रत्येक ‘एलआय’ घटकाला, एकेक ‘श्रोता’ जोडावा. टिचकीची घटना घडताच जी सूचनावली कार्यान्वित होते, तिला श्रोता म्हणतात. परंतु अशाने ५०० श्रोते नेमावे लागतात. याहून मोठा दोष मागाहून दिसतो. पृष्ठ उघडल्यानंतर यादीत नवा ग्रंथ दाखल झाला, तर त्याला श्रोता नसतो. नाव पडद्यावर दिसते. पण टिचकी मारूनही काहीच घडत नाही.

या अडचणीचे उत्तर घटनेच्या प्रवासात आहे. टिचकीची घटना एका घटकापाशीच थांबत नाही. ती प्रथम दस्तऐवजाच्या मुळापासून त्या नावापर्यंत खाली उतरते. नंतर पाण्यातील बुडबुड्याप्रमाणे नावाकडून यादीकडे व यादीकडून मुळाकडे वर चढते. या दोन्ही अवस्था वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००० सालच्या मानकात निश्चित केलेल्या आहेत.

तेव्हा श्रोता एकच नेमावा, आणि तो संपूर्ण यादीवर, म्हणजे ‘यूएल’ घटकावर. मागाहून आलेल्या नावावरील टिचकीही वर चढत त्याच्यापर्यंत पोहोचते. ती कोठे उद्भवली, हे घटनेच्या ‘टार्गेट’ या गुणधर्मावरून कळते. येथे सावध राहावे. नावातील एखादा शब्द ठळक अक्षरांत असेल आणि टिचकी त्यावर पडली, तर ‘टार्गेट’ म्हणजे तो ठळक घटक होय; संपूर्ण नाव नव्हे. म्हणून ‘क्लोजेस्ट’ या पद्धतीने तेथून वर जात निकटतम ‘एलआय’ शोधावा. तो न सापडल्यास टिचकी मोकळ्या जागेवर पडली, असे समजून काही करू नये.

आणखी एक गोष्ट विसरू नये. साध्या ‘एलआय’ घटकापर्यंत कळफलकाने पोहोचता येत नाही. त्यामुळे माऊस वापरू न शकणाऱ्या वाचकाला ही यादी निरुपयोगी ठरते. यासाठी प्रत्येक नाव बटणाच्या रूपाने द्यावे. बटणावर असताना ‘एंटर’ कळ दाबली, तरी टिचकीचीच घटना उद्भवते, आणि तीही त्याच एका श्रोत्यापर्यंत जाते.

विद्यार्थ्यांनी तीन नावांची यादी करून व चौथे नाव मागाहून जोडून, दोन्ही उपायांतील भेद स्वतः पडताळून पाहावा.