टाकीत पाणी किती? आवाजाला विचारा!



टाकीत पाणी किती उरलं हे पाहायला कोणीतरी शिडी लावून वर चढतं. पाय घसरला तर? आज आपण खाली उभं राहूनच पाणी मोजू या.

खोल विहिरीत हाक दिली की ती परत ऐकू येते. हाच प्रतिध्वनी. वटवाघूळ अंधारात याच युक्तीने वाट काढते. पण त्याचा आवाज बहुधा आपल्याला ऐकूच येत नाही! आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच आवाज कळतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी.

बाजारात एचसी-एसआर०४ नावाचा छोटा सेन्सर मिळतो. त्याला दोन गोल डोळे दिसतात. पण ते डोळे नव्हेत. एक तोंड आणि एक कान! तोंड ४०,००० कंपनांचा आवाज सोडते, कान परतीची वाट पाहतो. त्याला जोडलेले आर्डुइनो कार्ड मधला वेळ मोजते. २ सेंटिमीटरपासून ४ मीटरपर्यंतचे अंतर कळते. खोल विहिरीला तो पुरायचा नाही, टाकीला पुरतो. झाकणाखाली, तोंड पाण्याकडे करून बसवायचा. मात्र भिजला की बिघडतो, म्हणून भरलेल्या पाण्यापासून थोडा उंच ठेवावा.

हिशेब असा: अंतर = वेग × वेळ ÷ २

दोनाने का भागायचे? आवाज जातो आणि परतही येतो, म्हणून.

आता खरी गोम ऐका. पुष्कळ जण आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरतात. तो १५ अंश सेल्सिअस हवेतला. हवा तापली की वेग वाढतो:

वेग = ३३१ + (०.६ × तापमान)

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की वेग ३५८ होतो. आवाज लवकर परततो आणि यंत्राला वाटते, पाणी जवळच आहे! पाणी १०० सेंटिमीटर खाली असले तरी ते ९५ दाखवते. म्हणजे ऐन टंचाईत नसलेले पाणी दिसते. २ मीटर लांब, २ मीटर रुंद टाकीत हे ५ सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. १५ लिटरचे तेरा गुंड! म्हणून हवेचे तापमान मोजा, वेग काढा, मगच हिशेब करा.

करून पाहा: सेन्सर आधी भिंतीसमोर धरा, मग कापसाच्या ढिगासमोर. कापूस आवाज गिळतो, म्हणून आकडा चुकू शकतो.

सांगा पाहू: हिवाळ्यात हवा १० अंश असेल आणि आपण वेग ३४०च धरला, तर पाणी खऱ्यापेक्षा जास्त दिसेल की कमी?