शल्लकी व शोथातील पेशींची गती

विदर्भातील कोरड्या जंगलांत सालई विपुल आहे. तिचा निर्यास, म्हणजेच कुंदुरू, आपण संधिशोथात नित्य वापरतो. आम्ही अनेक वर्षे तो 'सकाळी अनशापोटी' लिहून देत होतो. हे योग्य होते काय, याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते वैद्यबंधूंपुढे मांडत आहोत.

स्नेहरूप संदेश

पेशीच्या आवरणातील फॉस्फोलिपिड हे केवळ आवरणाचे घटक नव्हेत. आघात वा जंतुसंसर्ग होताच फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर त्यांतून अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल सुटे करते. त्यापासून ल्यूकोट्राइन बनविण्याचा आरंभ ५-लिपॉक्सिजनेज हे विकर करते.

चिकटणे व सरकणे

ल्यूकोट्राइन बी-४ चा संदेश मिळताच, रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळत जाणाऱ्या श्वेतपेशीवरील इंटिग्रिन प्रथिने कार्यरत होतात व पेशी भिंतीस घट्ट चिकटते. मग तिच्या अग्रभागी अ‍ॅक्टिनचे तंतू वाढतात, मागील पकड सुटते आणि संदेशाचे प्रमाण जिकडे अधिक तिकडे ती सरकते. तेथे पोहोचल्यावर ती स्वतःही हाच रेणू स्रवून इतर पेशींना बोलावते. सांध्यातील शोथ असा वाढत जातो.

शल्लकीचे कार्य

बॉस्वेलिक आम्ले ५-लिपॉक्सिजनेजला रोखतात, हे जर्मन संशोधकांनी १९९२ मध्ये दाखविले. २०२० मधील रचनाविषयक अभ्यासात असे दिसले की, एकेबीए हा निर्यासातील घटक विकराच्या क्रियास्थानापासून दूर जोडला जातो आणि त्याच्या क्रियेची दिशाच बदलतो. ल्यूकोट्राइनकडे जाणारी निर्मिती घटते व शोथ शमविणाऱ्या स्नेहरेणूंचा मार्ग खुला होतो.

परंतु परीक्षानळीतील यश म्हणजे रुग्णातील यश नव्हे. ही आम्ले आतड्यातून अल्प शोषली जातात आणि रक्तात बव्हंशी अल्ब्युमिनशी बद्ध राहतात. २००४ च्या एका अभ्यासात स्निग्ध भोजनासह घेतल्यास त्यांचे रक्तातील प्रमाण उपाशीपोटीपेक्षा कित्येक पटींनी वाढलेले आढळले. स्नेहाच्या अनुपानाचे महत्त्व आपणास नवे नाही; येथे मात्र आम्हीच ते विसरलो होतो.

व्यवहारात

१. निर्यासाचे कल्प सतूप भोजनासोबत द्यावेत.

२. चरकसंहितेतील पुरीषविरजनीय गणात शल्लकीची साल आहे. उपरोक्त संशोधन निर्यासावरील आहे. औषधविक्रेत्यांनी वेष्टनावर द्रव्याचे अंग व बॉस्वेलिक आम्लांचे प्रमाण पाहूनच माल घ्यावा.

३. दम्यातही ल्यूकोट्राइनांचा सहभाग असतो; तथापि शल्लकीच्या भरवशावर रुग्णाचा श्वासावाटे घ्यावयाचा फवारा बंद करू नये.

चिठ्ठीवरील 'अनशापोटी' हा शब्द आम्ही आता खोडला आहे. आपणही आपली चिठ्ठी एकदा तपासून पाहावी, ही विनंती.